चाकावरचं कुंकू
ग्रीस आणि झेंडूचा वास एकत्र आला की पुरानी बस्तीतला, दसऱ्यानंतरचा तो रविवार आठवतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या आमच्या जुन्या जीपची पुढची चाकं अचानक जोरच घेईनात. बाबांनी आणि मी दिवसभर अंगणात खालचं सगळं खोललं, पुसलं, परत बसवलं. बिघाड कुठेच सापडेना. “परवापर्यंत तर चांगली चालून राहिली होती, आता काहून अडली?” बाबा जीपलाच विचारत होते. तेवढ्यात चहा घेऊन आलेली आई म्हणाली, “पुढच्या चाकांवरच्या त्या चकत्या तिरप्या दिसून राहिल्या होत्या. दसऱ्याच्या पूजेत कुंकू लावतानी मीच सरळ केल्या.” पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली ती फिरती चकती तिरपी असली तरच ते चाक इंजिनाला जोडलेलं राहायचं. बाबांनी उठून दोन्ही चकत्या परत तिरप्या केल्या. आता पूजा मी करतो, आणि दरवर्षी चकतीपाशी हात अडतो: आईसारखी सरळ करू, की बाबांसारखी तिरपीच राहू देऊ?