पंधरवडा हजर झाला

रजा पंधरा दिवसांची होती. ती सहा वर्षं पुरली, म्हणून गावानं त्याचं नाव पंधरवडा ठेवलं. आईबापानं ठेवलेलं नाव सरकारी कागदावर राहिलं. तिथं त्या नावापुढं 'बिनरजा गैरहजर' असं लिहिलेलं होतं, त्यामुळं ते कुणी मोठ्यानं घेत नसे.

फौजेत तो सुतार होता. बंदूक भरतीच्या वर्षी हाताळली तेवढीच, पुढं सगळा रंधा आणि करवत. सरहद्दीवर लढाई झाली त्या वर्षी तो रजेवर आला. आला तो भिंतीकडं तोंड करून निजला. बायकोला वाटलं, थकलाय. सोळाव्या दिवशी तिनं ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली. हा उठला, ट्रंकेतले कपडे काढून दांडीवर टाकले, रिकामी ट्रंक माळ्यावर चढवली आणि मागच्या अंगणात खड्डा खणायला लागला.

"रजा वाढवून दिली का त्यांनी?" तिनं विचारलं.

"मीच वाढवली," तो म्हणाला.

खड्डा करवतीचा होता. त्याच्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून लांबलचक करवत ओढायची. वर बायको, खाली हा. भुसा सगळा खालच्याच्या डोक्यात. येणारे जाणारे कुंपणावरून म्हणत, "काय वैनी, नवऱ्याला जिवंतपणीच पुरलास की!" ती करवत न थांबवता म्हणायची, "पुरला म्हणून हाताशी तरी आहे. तुमचे कुठं कुठं उंडारतात ते तुमच्या घरी विचारा."

वर्षातून दोनदा ठाण्यातून पोलीस यायचा. गाडीचा आवाज आला की पंधरवडा खड्ड्यात उतरायचा, वर फळ्या पडायच्या आणि फळ्यांवर बायको धान्य निवडत बसायची. पोलीस विचारायचा, "नवरा कुठं आहे?" ती म्हणायची, "तुमच्याकडंच दिला होता की, धडधाकट. तुम्हीच हरवलात. आता शोधून आणा आणि पावती घेऊन जा." पोलीस पाणी पिऊन परत जायचा.

गावानं त्याला सांभाळला तो काही प्रेमानं नाही. तीन गावांत मिळून तो एकटाच सुतार होता. त्याला धरून दिला असता तर नांगराचा दांडा कुणी बसवला असता? हात मात्र सोन्याचे. दार केलं तर पावसाळ्यात फुगायचं नाही, पाळणा केला तर करकरायचा नाही. फक्त पेटी करत नसे. कुणी कपड्यांना पेटी मागो, कुणी धान्याला कोठी मागो, तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "पत्र्याची घ्या." का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. सुताराला एखादी खोड असायचीच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

गावच्या गिरणीवाल्याला एकच पोरगा. तो इतका उंच की त्याचं नाव बांबू पडलं होतं. सव्वासहा फूट. गावातल्या प्रत्येक दारानं त्याच्या कपाळावर एकदा तरी सही केलेली. साध्या खाटेवर त्याचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबायचे, म्हणून गिरणीवालीनं पंधरवड्याकडून साडेसहा फुटांची खाट करून घेतली. ती दारातून आत जाईना, तेव्हा खिडकी काढून घातली.

पुढं बांबू भरतीला गेला आणि पास झाला. जायच्या आधी तो पंधरवड्याला भेटायला आला. "काका, काही सांगा की फौजेचं." पंधरवड्यानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अर्धा फूट इथंच ठेवून जाता आला तर बघ," म्हणाला. बांबू खोखो हसला आणि गावभर सांगत सुटला.

सव्वा वर्षानं बांबूची पेटी आली.

सकाळी दहाचा सुमार होता, गिरणी चालू होती. फौजी गाडी सरळ गिरणीच्या अंगणात शिरली. एक वयस्क हवालदार आणि दोन जवान उतरले. हवालदारानं टोपी काढून कागद वाचला, जवानांनी पेटी खाली उतरवली. गिरणीवाल्यानं इंजिन बंद केलं. पट्टा आपल्या वेगानं जरा वेळ फिरत राहिला, मग थांबला. गिरणीवाली कोपरापर्यंत पिठानं भरलेल्या हातांनी बाहेर आली. आता ही आडवी पडणार, म्हणून दोघीतिघी धरायला धावल्या. ती पडली नाही. पेटीभोवती एक फेरी मारली, खाली बसली आणि पेटीवर वीत टाकायला लागली. पिठाचे पंजे उमटत गेले. आठ विती आणि वर दोन बोटं.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"मावशी, कागदावर नाव आहे, नंबर आहे."

"कागद कुणाचाही होतो. माझा पोरगा नऊ विती भरतो. तुम्ही कुणा बुटक्याला आणलंय." मग घरात बघून ओरडली, "खाट काढा रे बाहेर!"

पुन्हा खिडकी निघाली, खाट अंगणात आली, पेटीला लावून ठेवली. आंधळ्यालाही कळलं असतं. खाट पुढं होती, पेटी कुठल्या कुठं मागं राहिली होती.

तिथून वारं फिरलं. कुणीतरी म्हणालं, अशा चुका होतात. दुसऱ्यानं लगेच कुठल्याशा गावची गोष्ट सांगितली. तिथं मातीला आलेले लोक परतायच्या आत पोरगा चालत घरी आला होता. गिरणीवाला आतापर्यंत दगडासारखा बसलेला, तो उठला आणि हवालदाराला म्हणाला, "मग आमचा कुठल्या दवाखान्यात आहे ते सांगा. मी आत्ता निघतो."

"उघडून दाखवा," कुणी म्हणालं.

"उघडायचा हुकूम नाही," हवालदार म्हणाला. बिचारा घामानं निथळत होता. "तुम्ही ताब्यात घेतली नाही तर मला परत न्यावी लागेल. तिकडं बेवारस म्हणून पुरतील. नीट विचार करा."

"न्या," गिरणीवाली म्हणाली. "त्याची आई वाट बघत असेल."

पंधरवडा या वेळी खड्ड्यात होता. फौजी गाडी म्हटल्यावर फळ्यांवर आणखी एक ओंडका पडला होता. बायको गिरणीकडं जाऊन सगळं बघून आली, फळ्यांवर बसली आणि खाली तोंड करून म्हणाली, "ऐकलंत का, बांबू नाहीच तो. पेटी आखूड आहे."

 खालून आवाज आला, "किती आखूड?"

"खाटेला लावून बघितली. नऊ-दहा इंच कमी."

"म्हणजे पावणेसहा फूट."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तोच आहे तो," पंधरवडा म्हणाला. "फळी काढ."

 ती उठायच्या ऐवजी जास्तच दाबून बसली. "काढणार नाही. तोच असेल तर असू दे. तुमचं काय जातंय?"

"परत नेतील त्याला."

"नेऊ दे! मेलेल्याला कुठली माती नि काय? त्या बाईच्या तोंडावर आत्ता जरा रंग आलाय. तुम्ही जाऊन पुसणार तो?"

"उद्या ती ठेसनावर जाऊन बसेल. रोज बसेल."

"बसू दे. मी सहा वर्षं फळ्यांवर बसले, कुणी विचारलं?"

 त्यानं खालून खांदा लावला. फळ्या, ओंडका आणि वर बायको, असं सगळं वीतभर उचललं गेलं. तिनं त्याच्या हातावर चपलेनं मारलं. तो थांबला नाही. शेवटी ती बाजूला झाली, ओंडका गडगडत गेला आणि हा भुशानं माखलेला वर आला. तसाच, हातात पेचकस घेऊन, गिरणीकडं चालायला लागला. ती मागून ओरडली नाही. ओरडली असती तर जवानांना कळलं असतं. इतकं होऊनही तिला ते भान होतं.

अंगणात तो शिरला तसे लोक बाजूला झाले. सहा वर्षं ज्याला गाडीच्या आवाजानं लपताना बघितलं, तो गाडीला टेकलेल्या जवानांच्या मधून आला. गिरणीवालीसमोर उकिडवा बसला.

"वहिनी, पेट्या एकाच मापाच्या असतात. पावणेसहा फूट."

"म्हणजे?"

"गाडीत आडव्या बसायला हव्यात. लांब केल्या तर गाडीचा फळका बंद होत नाही. म्हणून सगळ्यांना एकच माप. बुटक्याला आत कापडाचे बोळे भरायचे, हलू नये म्हणून."

"आणि उंचाला?"

तो खाली बघत राहिला. "गुडघे," म्हणाला.

 हवालदार पुढं आला. "तुला हे कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही. मीच करत होतो. लढाई झाली तेव्हा नऊ दिवसांत एकशे बारा केल्या. माप वाढवून द्या म्हणून दोनदा साहेबाकडं गेलो. ते म्हणाले, लाकडाचं काम तुझं, मापाचं आमचं. पेटी करायची, मग झाकण बसत नसेल तर ते बसवायलाही सुतारालाच बोलवायचे."  मग त्यानं पलटणीचं नाव सांगितलं, नंबर सांगितला. "रजा संपून सहा वर्षं झाली. हजर व्हायला आलोय."

हवालदारानं भोवताली पाहिलं. दोन्ही जवान लांब होते. त्यानं आवाज खाली घेतला. "म्हातारा झालोय मी, कानानं कमी ऐकू येतं. पेटी उघड, बंद कर आणि आल्या वाटेनं जा."

"हुकूम नाही ना उघडायचा?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला अडकता? फरारी सुतारानं उघडली, असं लिहा. आणि पकडला असं लिहू नका. स्वतः हजर झाला असं लिहा. एवढंच."

त्यानं बारा पेच काढले. ते त्यानं ज्या क्रमानं काढले त्यावरूनच हवालदाराला पटलं असावं, कारण तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. झाकण उचलताना पंधरवडा म्हणाला, "वहिनी, तोंड बघा फक्त. कापड खाली ओढू नका."

गिरणीवालीनं तोंड बघितलं. कपाळावर दाराची जुनी खूण होती. मग तिनं कापड खाली ओढलं. पार खालपर्यंत.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सरळ करा त्याला."

कुणी हललं नाही.

"खाट आहे इथं. त्याच्या खाटेवर सरळ निजवा."

"आता होत नाही, वहिनी," पंधरवडा म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. रडत नव्हती. "तुला कुणी बोलावलं होतं?" ती म्हणाली. "गाडी परत चालली होती. माझा पोरगा जिवंत होता. तुला कुणी बोलावलं होतं इथं?"

गिरणीवाल्यानं तिला धरून आत नेलं. हवालदारानं गाडीच्या टपावर कागद ठेवून दोन ओळी लिहिल्या आणि पंधरवड्याला वाचून दाखवल्या. स्वतः हजर झाला, असंच लिहिलं होतं. त्याला बेड्या घातल्या नाहीत. गाडीत मागं पेटीची जागा रिकामी झाली होती, तिथंच त्याला बसवलं. बायको तोवर कपड्यांचं गाठोडं घेऊन आली होती. तिनं ते त्याच्या मांडीवर आपटलं.

"तिला आशा होती, मला नवरा होता," ती म्हणाली. "एका पेचकसानं दोन्ही काढलंत."

"भुसा ओला होऊ देऊ नको," तो म्हणाला. त्या माणसाला याहून चांगलं बोलता येत नव्हतं.

कोर्टात त्याला विचारलं, पळून का गेलास? त्यानं पेट्यांचं सांगितलं. साहेब म्हणाले, तो विषय आज नाही. स्वतः हजर झाला म्हणून शिक्षा कमी झाली, दीड वर्ष, आणि फौजेतून नाव कमी. तुरुंगात सुतारकाम येणारे कमी होते, तेव्हा काय करायला लावलं असेल ते निराळं सांगायला नको. तिथली पेट्यांची मापं किती होती, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तो परत आला तेव्हा समोरचे दोन दात गेले होते. दुसऱ्या दिवशी करवत सुरू झाली. वर ती, खाली तो. पोलीस यायचा बंद झाला. आता लपायचं काही राहिलं नव्हतं, तरी गाडीचा आवाज आला की करवत मध्येच अडकायची.

गिरणीवालीनं त्यांचं दळण बंद केलं ते केलंच. त्यांची पाटी आली की ती इंजिन थांबवायची आणि पाटी उचलून जाईपर्यंत सुरू करायची नाही. मग बाकीच्या बायकाच ओरडायच्या, "ने ग बाई तुझं, आमचा खोळंबा होतोय." पंधरवड्याच्या बायकोला आता दळण घेऊन पलीकडच्या गावी जावं लागतं. जायला एक तास, यायला एक तास.

एकदा भर दुपारी गिरणीवाला कुंपणाशी आला, हातात पिठाचा डबा. "घे," तो म्हणाला. "तिला ठाऊक नाही."

पंधरवडा खड्ड्यातून वर आला. "ती देईल तेव्हा घेईन," म्हणाला.

"ती मरेपर्यंत द्यायची नाही."

"मग तोवर चालत जाऊ."

गिरणीवाला डबा कुंपणावर ठेवू की नको, असं करत परत घेऊन गेला. पंधरवडा पुन्हा खाली उतरला आणि बायकोनं वरून करवत ओढली, नेहमीपेक्षा जरा जास्त जोरात. उद्या दळणाचा वार होता, आणि पाटी तिच्याच डोक्यावर जायची होती.