कॅमेऱ्यानं गोरी केलेली नवरी

माझं मनगट कॅमेऱ्यानं खाल्लं. जड बॉडी, तिच्यावर तेवढीच जड लेन्स, वर फ्लॅश, आणि हे सगळं उजव्या हातात पेलत हळदीपासून पाठवणीपर्यंत मांडवात उभं राहायचं. लग्नसराई संपली की माझी बोटं मिटायची नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि सांगितलं, हातातलं वजन कमी करा, नाहीतर काम बदला. काम कसलं बदलणार? तुळजापुरातला आमचा स्टुडिओ आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केला आणि आता तो मीच चालवते. देवीच्या दर्शनाला आलेली नवी जोडपी फोटोला दुकानात येतात, लग्नांसाठी मी गावोगाव जाते. आप्पा थकलेत, पण दुकानातली खुर्ची त्यांनी सोडलेली नाही.

म्हणून मी छोट्या कॅमेऱ्याची वाट बघत होते. लेन्स बदलता येते, पण आकारानं तळहातावर मावेल असा नवा कॅमेरा येणार, ही बातमी आमच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीतरी महिने फिरत होती. कंपनीनं स्वतः काहीच सांगितलेलं नव्हतं. कुणाला तरी कुठून तरी कळायचं आणि ग्रुप पेटायचा. हात थरथरला तरी चित्र हलणार नाही, अशी सोय बॉडीतच येणार. फोटो साठवायची दोन कार्डं बसणार, म्हणजे एक खराब झालं तरी दुसऱ्यावर सगळं राहणार. धूळ आत जाणार नाही. आवाज होणार नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी हे आप्पांना वाचून दाखवायचे.

"आवाज न्हाय?" ते म्हणाले. "मग फोटो काढला, हे माणसाला कळायचं कसं?"

"कळू नये म्हणूनच आहे ते, आप्पा. माणूस अवघडत नाही."

"मग ती चोरीच झाली की."

मला स्वतःला सगळ्यात जास्त हवी होती ती डोळा लावून बघायची खिडकी, व्ह्यूफाइंडर. आमच्याकडं लग्नं अजून घरापुढच्या अंगणात लागतात, भर दुपारी. त्या उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपलंच तोंड दिसतं, समोरची नवरी दिसत नाही. ग्रुपवर सगळे खात्रीनं सांगत होते की खिडकी असणारच.

कॅमेरा आला. हात सावरणारी सोय होती, ते कबूल. पण कार्ड एकच. धुळीचं नावही नाही. आणि खिडकी काढून टाकलेली. कॅमेऱ्याची ओळख करून देणारा माणूस व्हिडिओत हसत हसत म्हणाला, आता डोळा लावून बघतंय कोण? मी दुकानात एकटीच होते, तरी मोबाईलला मोठ्यानं सांगितलं, मी बघते. मग त्यानं ग्रुपवर कुणीच न मागितलेली गोष्ट दाखवली. हा कॅमेरा चेहरा ओळखतो आणि फोटो काढतानाच त्वचा नितळ करून टाकतो. त्याला त्यांनी छान नाव दिलं होतं. ताजेपणाचं काहीतरी.

तरीही मी तो घेतला. मनगटापुढं इलाज नव्हता.

सोलापूरचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेडीजसाठी एकदम बेस्ट. हलका आहे आणि फोटोतच मेकअप होऊन जातो."

"ते बंद करून द्या."

"राहू द्या की. गिऱ्हाईक खूश होतं."

"बंद करा. आणि उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, त्याला काय करायचं?"

"लग्नं हॉलमध्ये असतात की आता," तो म्हणाला. त्यानं मेनूत बोटं फिरवली आणि बंद केलं म्हणाला. तिथं मी आणखी भांडले असते, पण बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडं बघून हसत होती.

त्या कॅमेऱ्यानं पहिलंच लग्न मी तेरला काढलं. नदीकडच्या आळीतलं घर, अंगणात मांडव, बारा वाजताचं ऊन. मी पदर डोक्यावरून पुढं ओढून कॅमेऱ्यावर धरला, त्या अंधारात पडदा बघितला आणि बटण दाबत राहिले. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, ही बघ फोटोवाली, नवरीपेक्षा जास्त लाजायलीय. हसू आलं, रागही आला.

नवरी धाराशिवला नर्सिंग शिकून आलेली. काळीसावळी, तुकतुकीत अंगाची, आणि डाव्या भुवईवर लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण. हसली की तो व्रण वर चढायचा आणि चेहऱ्यावर एकदम खोडकरपणा यायचा. मला तो व्रणच पकडायचा होता. ती सारखी हलत होती म्हणून मी कॅमेऱ्यावरचं चाक फिरवून डोळ्यांच्या मागं मागं फोकस ठेवणारी सोय लावली.

अक्षतांच्या आधी ती सावलीत आली तेव्हा म्हणाली, "दाखवा ना ताई."

मी पडदा तिच्यापुढं धरला. ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही कोण?"

मी बघितलं. चेहरा पिठासारखा झाला होता. व्रण नव्हता. नाकाची धार बोथट झाली होती. ते चाक फिरवलं की बंद केलेली सोय आपोआप परत चालू होत होती, आणि उन्हात मला ते दिसलंच नव्हतं.

मागून तिची आत्या डोकावली. या घरात आई आजारी, म्हणून सगळं लग्न आत्याच बघत होती.

"अगं, किती नितळ आलीयस," ती म्हणाली. "ताई, सगळे फोटो असेच काढा."

नवरी मुंडावळ्या सारख्या करत आत गेली. माझी कानशिलं तापली होती. कुठल्या तरी टेबलाशी बसून कुणीतरी ठरवलं होतं की या पोरीच्या चेहऱ्यात दुरुस्ती करायची गरज आहे, आणि ती माझ्या हातून, मला न विचारता, करून घेतली होती. पण तिकडं ब्राह्मण हाका मारत होता. मी सोय बंद केली, चाकाला परत हात लावला नाही आणि काम उरकलं.

एक बरं होतं. कॅमेरा तयार फोटोबरोबर कच्चा फोटोही ठेवत होता, आणि कच्च्यात ही ढवळाढवळ नव्हती. अल्बम मी सगळा त्या फोटोंचा केला. पिठाळ चेहरे पुसून टाकले. अल्बम चांगला झाला होता. पोरगी हसतेय, व्रण वर चढलाय, मागं तिचा बाप पाहुण्यांना फेटे बांधतोय.

अल्बम घेऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत आत्या तो परत घेऊन दुकानात आली.

"हे काय दिलंत?" तिनं अल्बम काउंटरवर ठेवला. "फोटोत गोरी आली होती. आमी डोळ्यांनी बघितलंय. तुमी मागनं काळी केली."

मला आधी नीट कळलंच नाही. "मी काळी केली?"

"मग कुणी? मशीन खोटं बोलंल का?"

"मशीनच खोटं बोललं होतं. तुमची पोरगी आहे तशी यात आहे."

"पोरगी घरात हाय तशी हाय. अल्बम लोकांनी बघायचा असतो. मशीनमधले होते तसे द्या."

"ते पुसले मी. आणि असते तरी दिले नसते."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या पेढ्यांच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. आत्यानं अल्बम काखेत मारला, धाराशिवला दुसरीकडून करून घेते म्हणाली, आणि त्यांच्या घरातलं पुढचं लग्न माझ्याकडं येणार नाही हेही सांगून गेली.

आप्पा खुर्चीत तसेच बसून होते.

"एवढं काय चिडायचं त्यात," ते म्हणाले. "मीबी करायचो."

"काय करायचा?"

"निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायची. मग कागदावर तोंड उजळ यायचं. स्थळांना पाठवायचे फोटो असायचे. आई-बाप सांगायचे, थोडं बघा म्हणून."

"पोरींना विचारायचा का?"

"पोरींना काय विचारायचं?"

मी तिथंच थांबायला हवं होतं, पण डोक्यात काहीतरी लख्ख झालं. माझं लग्न जमायच्या आधी पाठवलेला फोटो आप्पांनीच काढला होता. याच दुकानात, याच भिंतीपुढं. मला बघायला आले तेव्हा माझी सासू सगळ्यांसमोर म्हणाली होती, फोटोत तर उजळ वाटली होती पोरगी. ते वाक्य पुढं माझ्या संसारात किती वेळा आलं, हे मलाच माहीत. चिडून आलं, हसण्यावारी आलं, बारशात आलं. मी कायम समजत होते की तो दिव्यांचा परिणाम होता.

"माझा पण केला होता?" मी विचारलं.

आप्पांनी मान रस्त्याकडं वळवली. बाहेर सोलापूरच्या बसमधून माणसं उतरत होती, पुजारी त्यांच्या मागं लागले होते.

"तुझ्या आईनं सांगितलं," ते म्हणाले. "तुझ्या बऱ्यासाठीच केलं."

मी शटर अर्धं ओढलं आणि घरी गेले. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दुकानात शेजारी शेजारी बसलो, पण कामापुरतंच बोललो. ते डबा उघडायचे, मी पाणी ठेवायचे, तेवढंच. ते म्हातारे आहेत, त्या काळात सगळेच करायचे, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. राग गेला नाही. कंपनीवरचा राग सोपा होता, तिला मी कधी बघितलेलं नव्हतं. आप्पांचे हात मात्र माझ्यासमोर होते, आणि त्या हातांनी पेन्सिल किती काळजीनं फिरवली असेल, हेही मला दिसत होतं.

पुढं ती नवरी नवऱ्याबरोबर देवीला आली. दर्शन झाल्यावर एकटीच दुकानात शिरली, नवरा बाहेर ओटीचं सामान बघत थांबला होता.

"आत्याला काही बोलू नका ताई," ती म्हणाली. "तिला वाटतं, माझं भलंच केलं. धाराशिवला फोटो गोरा करून घेतला आणि सासरी भिंतीवर लावलाय. आलेगेले त्याच्याकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात."

पुढचं तिनं सांगायची गरजही नव्हती.

"तुम्ही केलेला अल्बम मी माझ्या कपाटात ठेवलाय," ती म्हणाली. "आता दोघांचा एक काढा. तो मी भिंतीवर लावणार."

मी जुना जड कॅमेरा काढला. मनगटातून कळ गेली, जाऊ दिली. तिनं नवऱ्याला आत हाक मारली. मी दिवे लावत असताना आप्पा काठी टेकत उठले, फोटोच्या भिंतीपाशी आले आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "पोरी, फोटो कसा पायजे तुला?"

"आहे तसाच, काका."

"बरं," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले.

मी फोटो काढला. चांगला आला. ती दोघं गेल्यावर आप्पांनी मला चहा सांगू का विचारलं, मी हो म्हटलं. त्यांनी त्या परक्या पोरीला विचारलं, याचं मला बरं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही. पण चहा पिताना माझे डोळे रागानं भरून आले होते, आणि ते त्यांना दिसत होतं.