मशीनमधून मारलेली हाक

माझा स्वभाव संशयी आहे, असं घरचे म्हणतात आणि ते मला मान्य आहे. स्टुडिओ चालवायचा म्हणजे संशय घ्यावाच लागतो. कुठली वायर सैल झाली, गुणगुण कुठून येतेय, गाऊन झाल्यावर कोण हळूच "जरा मोबाइलवर पाठव ना" म्हणतोय, सगळीकडे कान टवकारून बसावं लागतं. भिसेगावात घरामागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. भिंतींना आतून जुन्या गोधड्या ठोकल्यात. खोपोलीची गाडी जवळून गेली की रेकॉर्डिंग थांबवायचं, हा तिथला एकमेव नियम.

पण सगळ्यांत जास्त संशय मला माझ्या मशीनचाच येतो. मुंबईतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथून आणलेलं हे जुनं डिजिटल इफेक्ट मशीन. चपटं, काळं, पुढे हिरव्या अक्षरांची पट्टी आणि एक गोल चाक. एका बाजूने साधा आवाज आत जातो आणि दुसऱ्या बाजूने घुमत, दुणावत बाहेर येतो. हल्ली हे सगळं कॉम्प्युटर करतो. तरी मी ते उचललं, कारण असं घुमणं मला कॉम्प्युटरमध्ये कधी सापडलं नाही. विकणारा "एकदम ओके" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तापलं की पट्टीवरची अक्षरं थरथरतात. चाक एक घर फिरवावं तर ते मनाला येईल तिथे उडी मारतं. इफेक्ट बंद करायचं बटण दाबल्यावर तो खरंच बंद होतो का, याची मला आजही खात्री नाही.

आधीच्या कुणा मालकाने त्यात स्वतःचे काही आवाज साठवून ठेवलेत. त्यातल्या एकाला त्याने 'मंदिर' असं नाव दिलंय. तो लावला की ओळ संपल्यावर शेवटचा शब्द दोन-तीनदा परत येतो, दर वेळी थोडा लांबून, आणि मग विरतो. कर्जत-खालापूरच्या भजनी मंडळींना त्याशिवाय दुसरं काही चालत नाही. "ते मंदिर लाव रं," एवढंच म्हणतात.

बुवा आले ते केळवलीच्या पुढच्या गावातून, बायकोला घेऊन. डबलबारीत, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून भजनातून सवाल-जवाब करतात त्यात, त्यांनी भल्याभल्यांना गप्प बसवलं होतं. आता त्यांच्या घशात गाठ निघाली होती. पुढच्या आठवड्यात पनवेलला ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहील की जाईल, हे डॉक्टर सांगत नव्हते. जायच्या आधी एक गजर नीट भरून ठेवावा, म्हणजे देवळात लागत राहील, म्हणून ते आले होते. हे सगळं मला त्यांच्या बायकोने, काकींनी, सांगितलं. बुवा तोवर खोलीत फिरून गोधड्यांच्या मागे काय आहे ते बघत होते.

"तो आला व्हता ना तुज्याकडं?" त्यांनी विचारलं. 'तो' म्हणजे त्यांचे डबलबारीतले जुने प्रतिस्पर्धी. आले होते, हे खरं होतं. मी हो म्हणालो. बुवांनी काकींकडे बघून मान हलवली, जणू चोर सापडला.

गायला बसले तेव्हा मात्र सगळं विसरले. माझी नेहमीची पद्धत अशी की कॉम्प्युटरमध्ये आवाज साधाच भरायचा आणि मशीनचा घुमलेला आवाज फक्त गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये सोडायचा. मशीनवर विश्वास नसल्यामुळे मी त्याला मूळ रेकॉर्डिंगला हात लावू देत नाही. बुवा हातात टाळ घेऊन, डोळे मिटून गायले. मधे खोपोलीची गाडी गेली तेव्हा थांबले आणि पुन्हा तिथूनच उचललं.

मग मी ते स्पीकरवर ऐकवलं. मशीन तेवढं लावायचं राहिलं. खोलीत साधा आवाज आला. कोरडा, जवळचा, वरच्या सुरात चरचरणारा, मधेच दम घेणारा. कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या काकींनी एकदम मान वर केली.

"ह्यो कोण?" बुवा म्हणाले.

"तुम्हीच, बुवा."

"मी नाय. मला माजा आवाज कळत नाय व्हय? त्यानं काय शिकवून ठेवलंय तुला?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी चोर आहे असं कुणी म्हटलं तर चालेल, पण मी रेकॉर्डिंग बिघडवतो असं म्हटलेलं मला खपत नाही. मी मशीन लावलं. 'मंदिर' घुमलं आणि बुवांचा चेहरा सैल झाला.

"हां. ह्यो मी."

मी नंतर पुष्कळ विचार केला. आमच्याकडचा मंडपवाला माइक उघडला की आधी इको वाढवतो, मग आवाज. बुवा जन्मभर असेच कर्ण्यांतून स्वतःला ऐकत आले होते. साधा आवाज त्यांना परका वाटला, यात नवल नाही. पण माझा संशय वेगळाच आहे. त्यांनी तो ओळखला असावा. त्यातली गाठही ओळखली असावी.

"ते पयलं पूस," ते म्हणाले. "माज्यासमोर पूस."

"राहू द्या की. मशीनचा आवाज नंतर कधीही चढवता येतो. मुळात साधा असला तर—"

"म्हंजे तू तो त्याला ऐकवशील. 'बुवा संपला' म्हणून गावभर वाजवंल तो. पूस!"

ते माझ्या खांद्यामागे उभे राहिले. मी पुसलं. "आता ती कचऱ्याची पेटी पण रिकामी कर," ते म्हणाले. नातवाच्या लॅपटॉपवर पाहिलं असणार. मी तीही रिकामी केली. मग बुवांच्या हट्टाने माइकची वायर आधी मशीनमध्ये घातली आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. असं भरलं की घुमणं आवाजातून पुन्हा कधी वेगळं करता येत नाही, हे मी त्यांना बजावलं. "काडायचंच नाय," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा गायले ते थकून, पण मशीनने सगळं झाकून नेलं. गजर संपला. मी रेकॉर्डिंग थांबवायच्या आधीच बुवा उठले. गाडीची वेळ झाली होती.

ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि आवाजही गेला. देवळात गजर लागतो, हे मला इतरांकडून कळत होतं. सगळे म्हणत, बुवा काय गायलेत! मला बरं वाटायचं नाही.

पावसाळा सरल्यावर काकी एकट्या आल्या. घरी कर्जतच्या बाजाराला जाते असं सांगून आल्या होत्या. पिशवीत खरोखरच मेथी होती.

"मी इकडं आल्याचं कळलं तर म्हणतील, त्याला आवाज विकाया गेली," त्या म्हणाल्या. मग पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "ते पयलं ऱ्हायलंय का रं तुज्याकडं? देवळातला तो लोकांचा हाय. पयला आमच्या घरातला व्हता. चरचरीत."

"काकी, तुमच्यासमोरच पुसलं ना."

"मला वाटलं, तू काय खरंच पुसणार नाय."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्यावर असा संशय घेतला होता आणि तो खरा असता तर मला किती आवडलं असतं! मला स्वतःचाच राग आला, बुवांचाही आला. मी बुवांचं दुसऱ्यांदा भरलेलं रेकॉर्डिंग काढलं आणि त्यात कुठे तरी साधा आवाज सापडतोय का ते बघायला सुरुवातीपासून लावलं. कुठे काही नव्हतं. सगळीकडे मंदिर. गजर संपला, टाळ विरले. मी थांबवणार तेवढ्यात स्पीकरमधून बुवांचा गाण्याचा नसलेला आवाज आला. माइक उघडाच राहिला होता.

"चल गं, गाडी जायल. चल गं."

आणि मशीनने ते परत म्हटलं. चल गं. मग थोडं लांबून, चल गं. मग अगदी हळू.

मी वळून पाहिलं. काकी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आता टाळ वाजवून बोलावतात मला," त्या म्हणाल्या. "आनी तवा तरी काय? एकदा हाक मारली की पुढं चालू लागायचे. मागं वळून दुसऱ्यांदा कदी नाय मारली." त्या पुन्हा बसल्या. "एवढंच दे मला. गाणं नको."

मी तेवढाच तुकडा कापून त्यांच्या मोबाइलमध्ये घातला. घुमणं काढता येईल का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.