अक्कांचं यंत्र आणि मागचं एक मिनिट

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. भर सुनावणीत स्वतःच्याच अशिलाविरुद्ध साक्ष देणारा बंगळुरातला बहुधा मी एकटाच वकील असेन.

मी मूळचा पुण्याचा, काम पेटंटचं, ऑफिस जयनगरात. अशील म्हणजे बसवनगुडीत गाणं शिकवणाऱ्या सुमित्राअक्का. शिष्यांची सुरेख तान नेमकी रेकॉर्डिंगचं बटण दाबायच्या आधीच निघून जाते, म्हणून अक्कांनी सहा वर्षं खपून एक यंत्र केलं. ते सारखं कान देऊन असतं, आणि बटण दाबलं की मागचं एक मिनिट जसंच्या तसं ऐकवतं.

पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. का, तर यात विशेष काही नाही, या विषयातल्या कुठल्याही जाणकाराला हे सहज सुचेल. अक्का दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मी चाळीस पानांचं अपील केलं.

सुनावणी व्हिडिओवर होती; माझ्या ऑफिसात मी, शेजारी अक्का आणि टेबलावर त्यांचं यंत्र. हे सहज सुचण्यासारखं मुळीच नाही, असं मी तासभर पोटतिडकीने मांडलं. मग न्यायाधीश बाईंनी पाच मिनिटं थांबू म्हटलं. आल्यावर यंत्र चालवून दाखवा म्हणाल्या. अक्का कॉफी आणायला गेल्या. मी कॉम्प्युटरचा माइक बंद केला, दोनदा तपासला (सावध माणूस ना मी!) आणि बायकोला फोन लावला.

बाई परतल्या. मी घाईने फोन ठेवला, माइक सुरू केला आणि ऐटीत यंत्राचं बटण दाबलं.

आतून माझाच आवाज आला, खणखणीत. "अगं, कसलं डोंबलाचं संशोधन! हे तर मलासुद्धा झोपेत सुचलं असतं. तोंड गंभीर ठेवून भांडतोय झालं."

दारात अक्का, हातात कॉफीचे दोन पेले. त्यांना मराठी चांगलं येतं. मनात म्हटलं, निदान बाईंना तरी मराठी कळलं नसेल. कामकाज सगळं इंग्रजीतच चाललं होतं की!

"वकीलसाहेब," बाई म्हणाल्या, "मी सोलापूरची."

मी माफी मागणार, तोच त्यांनी विचारलं, या यंत्राचा अभ्यास किती दिवस करताय? म्हटलं, दोन वर्षं.

"म्हणजे जाणकारच. तरी बटण दाबल्यावर काय ऐकू येईल, हे तुम्हाला सुचलं नाही?"

"नाही, मॅडम."

"मग हे सहज सुचण्यासारखं आहे, असं मी कसं म्हणू?"

अपील मंजूर झालं. अक्कांनी गार झालेली कॉफी माझ्यापुढे सरकवली.

"सरी अण्णा, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "चाळीस पानं कशाला लिहिलीत हो? आधीच बायकोला फोन करायचा होता."