चौथ्या प्रकरणातली सही

आधी हात उताणा, मग पालथा. "आहे बाई, पण नाही."

तुमच्याकडे वीज आहे का हो, असं कोणी विचारलं की आमचे डॉक्टर हाताचं हे असं करायचे. उताणा केला की "आहे", पालथा केला की "पण नाही". रस्ते? दवाखाने? निवडणुका? सगळ्याला तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा गृहस्थ आपली थट्टा करतोय. मी म्हटलं, "अहो, काय ते एक सांगा." तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, एक सांगितलं तर खोटं होईल."

ऐंशीच्या दशकात तुम्ही सदाशिव पेठेत राहत असाल तर तुम्ही त्यांना नक्की पाहिलं असणार. एवढा उंच माणूस, आणि सायकल कुणा शाळकरी मुलीची वाटावी इतकी बुटकी. नायजेरियाहून अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला आले होते. नाव मुद्दाम देत नाही. पेठ त्यांना आल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायला लागली होती आणि ते प्रत्येक वेळी थांबून "अजून नाही" असं सांगायचे. मराठी घरमालकाच्या मुलांकडून शिकले होते, त्यामुळे चिडले की पोरांसारखे "जा बाबा" म्हणायचे.

माझं टायपिंगचं दुकान होतं. दोन टाइपरायटर, एक बाकडं आणि मी. प्रबंध टाइप करून देणे हा धंदा. त्यांचा विषय असा : जमिनीतून तेल निघालं, पैसा आला, मग माणसं गरीब का राहिली? मी म्हटलं, "त्याला चारशे पानं कशाला हवीत? आमच्याकडच्या कुठल्याही कचेरीत एक चक्कर मारा, दोन पानांत उरकेल." ते इतके हसले की बाकड्याचा पाय निखळला. दुसऱ्या दिवशी खिळा-हातोडी घेऊन आले आणि नीट बसवून दिला.

त्यांच्या खोलीवर टपाल गहाळ व्हायचं म्हणून पत्रं माझ्या दुकानाच्या पत्त्यावर येत. बहुतेक वडिलांची. वडील तिकडे जिल्ह्याच्या बांधकाम खात्यात निरीक्षक होते. कारकुनी वळणाचं सुबक अक्षर, आणि पाकिटाच्या मागे दर वेळी नाव आणि सही. सहीची शेपटी लांबवर ओढून शेवटी आकड्यासारखी वर वळवलेली. तिकीट बघायच्या आधी मी सहीवरून पत्र ओळखायची. डॉक्टर पत्र तिथेच उघडत आणि माझ्यापुरती एखादी ओळ वाचून दाखवत. "बाबा विचारतात, बाई वेळेवर जेवतात का?" मी म्हणायची, "त्यांना म्हणावं, तुमचा मुलगा अक्षर नीट काढेल तर जेवेन."

रॉकेलच्या रांगेत माझा डबा धरायला ते हौसेने उभे राहायचे. एकदा आमच्या गल्लीतल्या एका पेन्शनर गृहस्थांनी त्यांना हटकलं, "तुमच्याकडे म्हणे खणलं की तेल लागतं?"

"लागतं."

"मग इथे रांगेत कशाला?"

"तिथे माझी आई रांगेत आहे. इथे बाईंच्या रांगेत मी."

पेन्शनर गप्प झाले. सदाशिव पेठेत हे फार कमी वेळा घडतं.

त्यांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली तेव्हा एका कारकुनाने चहापाण्याचं सुचवलं. मी म्हटलं, "देऊन टाका हो. आपल्याकडे असंच असतं, कशाला डोक्याला ताप?" त्यांनी डोळे मोठे केले. "बाई, माझं चौथं प्रकरण यावरच आहे. इकडे देऊ आणि घरी येऊन लिहू? जा बाबा!" मग नऊ दिवस ते त्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसले. भांडण नाही, तक्रार नाही, पुस्तक वाचत बसायचं. दहाव्या दिवशी त्या कारकुनानेच कंटाळून कागद दिला, वर आपल्या डब्यातली साबुदाण्याची खिचडीही दिली. खिचडीचं वर्णन मी पुढे महिनाभर ऐकत होते.

तर हे चौथं प्रकरण. त्यात त्यांनी आपल्याच गावाचा दाखला घेतला होता. गावापासून नदीपर्यंतचा रस्ता तेलाच्या पैशातून झाला, असं सरकारी कागद म्हणत होते. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून चिखलातून न्यावं लागायचं, हे डॉक्टरांनी लहानपणापासून पाहिलेलं. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची झेरॉक्स त्यांनी एका चुलतभावाकडून मागवली. ती परिशिष्टात टाइप करून घालायची होती.

त्या दिवशी ते झेरॉक्स माझ्यापुढे ठेवून बाकड्यावर बसले. मी कागद बसवला, टाइप करत खाली आले आणि माझे हात थांबले. लांब शेपटी. शेवटी आकडा.

मी वर पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"ओळखली?"

"ओळखली," मी म्हटलं.

"मला सकाळी पाकीट उघडल्यावर कळलं. बाई, मी शिकलो असेन ते याच पैशावर."

प्रबंधाची एक प्रत त्यांच्या सरकारकडे जायची होती, कारण शिष्यवृत्ती सरकारची. वडील वर्षभरात निवृत्त होणार होते. नाव छापलं तर म्हाताऱ्याची पेन्शन जाणार, अब्रू जाणार. दाखलाच वगळला तर चौथ्या प्रकरणात उरतं काय?

मग मी माझी अक्कल चालवली. नक्कल टाइप करताना आम्ही सही काढत नाही, सहीच्या जागी इंग्रजीत 'सही केली' अशा अर्थाची 'Sd/-' एवढीच खूण मारतो. खाली नाव घालतात, पण नाही घातलं तर कोण विचारतं? मी म्हटलं, "दाखलाही राहील आणि बाबाही सुटतील." त्यांनी मान हलवली. मी ती खूण मारली आणि सवयीने खाली एका ओळीची जागा सोडली. मूळ प्रत आणि कार्बनच्या चार, पाची कागदांवर ती जागा कोरी राहिली. खरं सांगते, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पण त्यानंतर ते हसेनात. दुकानात यायचे, बसायचे. मुद्दाम विचारलं, "काय हो, तुमच्याकडे पाऊस आहे का?" तर नुसतं "आहे" म्हणाले. हात मांडीवरून हलला नाही. तेव्हा मला कळलं. हुशारीच्या भरात मी या भल्या माणसाला काय करायला लावलं होतं!

महिन्याभराने वडिलांचं पत्र आलं. डॉक्टरांनी त्यांना सरळ विचारलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पाकीट त्यांच्याच्याने फोडवेना. म्हणाले, "बाई, तुम्ही वाचा."

मी वाचलं. पत्र लहान होतं. "सही माझीच आहे. साहेबांनी कागद पुढे केला, मी रस्ता बघायला गेलोही नाही. ते तुझ्या फीचं वर्ष होतं. माझं नाव लिही. पेन्शनचं मी बघेन. तू नाव लपवलंस तर तूही न झालेल्या कामाला पूर्ण म्हणशील, आणि मग तुला इतक्या लांब पाठवून मी काय मिळवलं?" खाली विचारलं होतं, बाई जेवतात का वेळेवर.

मी रडले. लाज कसली त्यात?

दुपारभर आम्ही तेच काम केलं. पाच कागद, एकेक करून पुन्हा मशीनला लावायचा, ओळ जुळवायची, त्या कोऱ्या जागेत नाव मारायचं. पाकिटांवर इतक्या वेळा वाचलेलं नाव, मला पाठ होतं. तरी डॉक्टर शेजारी उभे राहून एकेक अक्षर मोठ्याने सांगत होते, पाची वेळा. शेवटचा कागद काढला तेव्हा त्यांनी माझ्या मशीनला वाकून नमस्कार केला. आपण दसऱ्याला करतो तसा.

ते खरोखरचे डॉक्टर झाले आणि निघून गेले. पत्रं येत राहिली. वडिलांची पेन्शन अडली ती अडलीच. "पण बाबा ठीक आहेत," त्यांनी लिहिलं, "आल्यागेल्याला प्रबंध उघडून आपलं नाव दाखवतात आणि मग त्याला चिखलापर्यंत चालवत नेतात." डॉक्टर स्वतः सरकारी नोकरीत लागले, आणि न झालेल्या कामांवर सही करत नाहीत म्हणून त्यांच्या बदल्या होत गेल्या. दर पत्रावर नवा पत्ता. मग एक वर्ष पत्र आलं नाही. मी पाठवलेलं शिक्के खाऊन परत आलं.

काँप्युटर आले, दुकान गेलं, मी वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला आले. रिकामटेकडी म्हणून सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. परवा बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला. आतला रस्ता पूर्ण झाल्याचा दाखला. "काकू, फॉर्मॅलिटी आहे. चेअरमननी सही केलीय, तुमची तेवढी राहिलीय."

मी खिडकीतून खाली पाहिलं. खडीचे ढीग, त्यात फसलेली एक स्कूटर.

"रस्ता आहे का रे?"

"होईल की हो."

मी हात उताणा केला, मग पालथा. त्याला काही कळलं नाही. त्याला खाली घेऊन गेले आणि त्या खडीवरून फाटकापर्यंत चालवलं, गुडघे दुखत होते तरी. सही केली नाही. सोसायटीतली निम्मी माणसं आता माझ्याशी बोलत नाहीत.

कपाटात जुन्या काळचं एक न वापरलेलं हवाई पत्र उरलं होतं. त्यावर हे सगळं डॉक्टरांना लिहून काढलं, अगदी गच्च. वेळेवर जेवते, हेही लिहिलं. पत्त्याची जागा कोरी सोडली आहे.