ढालवाला

तोंडात स्क्रू धरून बोलायची त्याला खोड. "चित्रं नोको पाहू गा, लढून पाह्य!" हे वाक्य मी त्याच्याकडून स्क्रूसकट शंभरदा ऐकलं असेल.

आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावात, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या पतसंस्थेचं सगळं काम त्याच्याकडे. त्यावरच त्याचं घर चालायचं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये तो न विचारता एक गेम टाकून द्यायचा, बाजारात मापावर मूठभर जास्त घालतात तसा. गेम नवाच, पण मुद्दाम जुन्या धाटणीचा. ठोकळ्याठोकळ्यांची माणसं, जंगल, राक्षस. आपले चार वीर. त्यांना नावं आपणच द्यायची, हवी तेव्हा बदलायची. पाहणारा हसायचाच.

मीही हसलो.

"काऊन हासून राहिला? हरेक राक्षसाची तऱ्हा येगळी हाये. कोणाले आगीनं मारा लागते, कोणाले थांबून. फक्त ढालवाला पक्का पाह्यजे. मागच्यायचा मार तोच खाते."

दुसऱ्या दिवसापासून डबा उघडायच्या आधी मी गेम उघडू लागलो. लढाई खरंच झकास होती. तुम्हालाही सांगतो, मिळाला तर खेळा. वार करण्याआधी डोकं चालवावं लागतं. मी अडलो की त्याला फोन करायचो, आणि तो गिऱ्हाईक सोडून मला वाट सांगायचा.

मग वरून तपासणी आली. साहेबांनी नेमका माझाच कॉम्प्युटर उघडला. "हे काय आहे?"

तो तिथेच टेबलाखाली वायर जोडत होता. मी म्हणालो, "मला काय माहीत साहेब? यानंच टाकलं असेल."

अर्धं खरं होतं, म्हणून अडखळलोही नाही. आग लागो त्या जिभेला! सहा महिने रोज खेळत होतो, ते गिळून बसलो.

त्यानं तोंडातला स्क्रू काढला. "हो साहेब, मीच टाकलो." माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याच दिवशी त्याचं काम गेलं.

दुकानाची पायरी चढायची हिंमत व्हायला मला दोन महिने लागले. आत त्याचा धाकटा भाऊ मोबाइल रिचार्ज करत बसला होता.

"दादा रायपूरले गेला, कामाले. आता काही येत नाही म्हणते."

कोपऱ्यात त्याचा कॉम्प्युटर तसाच होता. भावाला विचारून मी गेम उघडला. त्याचा शेवटचा डाव तपासणीनंतरच्या आठवड्यातला होता. मागे तीन वीर: तो, त्याची बायको, हा भाऊ.

सगळ्यांच्या पुढे ढाल घेऊन उभा होता, त्याला नाव माझं होतं.