पाटांचं गाव

“ती काही बोलूच नाही राह्यली, अक्का. दोन दिवसांत दहा शब्द बोलली नसंन.”

मी बाथरूमच्या दारात ओले केस टॉवेलमध्ये गुंडाळत उभी होते. बाहेर व्हरांड्यात माझा नवरा त्याच्या मोठ्या बहिणीशी फोनवर बोलत होता. त्याच्या घरी सगळेच फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे रावेरकडच्या केळीच्या बागेत बसलेल्या अक्कांचा आवाजही मला स्पष्ट ऐकू येत होता.

“इंग्लिश मीडियमची हाये बाप्पा ती. तुह्याशी काय केळीच्या भावाच्या गोष्टी करीन?”

“गंमत नको करू, अक्का. काल मी केळं खात होतो तर तिनं तोंडच फिरवलं. तिला नसंन आवडलं इथं. बघायला गेलो तेव्हा एकच गोष्ट बोलली होती ती, पाटाची. म्हणून तर पाटांचं गाव शोधून आणलं तिला. आता अकराला तत्काळ उघडलं की उद्याच्या गाडीची दोन तिकिटं काढतो. घरी आलेलं बरं.”

मी हळूच मागे सरकले आणि नळ पुन्हा सोडला. मी ऐकलं हे त्याला कळू नये म्हणून. साडेसात वाजले होते.

आमच्या लग्नाला सतरा दिवस झाले होते. केरळातलं आलेप्पी हे कालव्यांचं जुनं बंदराचं शहर. तिथे चार दिवस राहून पाचव्या दिवशी परतायचं असं ठरलं होतं, आणि हा तिसरा दिवस होता. हे गाव कोणी निवडलं आणि का, हे मी विचारलं नव्हतं. कुणीतरी ओळखीच्याने स्वस्तात जमवून दिलं असेल, असं मी धरून चालले होते.

बघण्याचा कार्यक्रम धुळ्याला आमच्या घरी झाला होता. पोहे झाल्यावर मोठ्यांनी आम्हाला दहा मिनिटं गच्चीवर पाठवलं. त्याने विचारलं, “तुम्हाला काय आवडतं?” माझ्याकडे ‘रीडिंग’ हे उत्तर तयार होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. म्हटलं, लहानपणी सुट्टीत आजोळी जायचे तेव्हा पाटात पाय सोडून बसायला आवडायचं. तो “हो का” म्हणाला आणि उरलेली नऊ मिनिटं केळीच्या टिश्यू कल्चर रोपांबद्दल बोलला. ऐकलंच नाही याने, असं मला वाटलं होतं.

आजोळ पांझरेच्या काठचं. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाच्या पाण्यावर भिजणारे गावाचे फड. फड म्हणजे एकाच पिकाचा मोठा पट्टा. त्यात अनेकांची शेतं, पण पाणी सगळ्यांचं एक. उन्हाळ्यात कोरड्या पाटात पाणी सोडत, तेव्हा मी आधीच जाऊन बसायचे. पाणी यायच्या आधी त्याचा वास यायचा. मग वाळका पाला, भुसा, काड्या, जीव घेऊन पळणारे मुंगळे, असं सगळं पुढे ढकलत पाणी वळणावरून यायचं, आणि पायाला लागलं की आधी गरम लागायचं, मग हळूहळू गार.

फडाचा नियम असा, की ज्याचं शेत त्याने पाण्याला हात लावायचा नाही. पाणी पाटकरी देणार. त्याला गावाने नेमलेलं असे आणि सुगीला सगळे मिळून धान्य देत. माझे आजोबा, म्हणजे आबा, ऊस माना टाकत असला तरी हातात फावडं घेऊन बांधावर नुसते उभे राहत. पाणी दोन हातांवर असे. मी म्हणायचे, “आबा, पाट फोडा ना.” ते म्हणत, “पाटकरी येई. आपलं आपण फोडानं नही, माय.”

आबांनी ते पाण्यापुरतं सांगितलं होतं. मी ते सगळ्यालाच लावून घेतलं. शाळेत उत्तर येत असूनही हात वर केला नाही. बाई विचारतील तेव्हा सांगू. घरी अहिराणी बोलू द्यायचे नाहीत, इंग्रजी बिघडेल म्हणून. शाळेत मराठी बोललं की वहीत नाव लागायचं. असं करत तिन्ही भाषा कळायला लागल्या आणि तिन्हींत तोंड उघडायची भीती बसली. लोक म्हणाले, शांत आहे. काही म्हणाले, शिष्ट आहे.

केळ्याचं मात्र खरं सांगायला हवं. आदल्या दिवशी आम्ही जुन्या गोदामांच्या बाजूने फिरत होतो. कालव्याकडे तोंड केलेली कौलारू गोदामं, एक लोखंडी पूल, काठाला बांधलेल्या होड्या. तो सारखा म्हणत होता, “पाणी बघ किती! आणि एक मोटर नाही कुठं.” एका टपरीवर हातभर लांबीची केळी टांगलेली होती. हा थांबलाच. घड उलटा करून बघितला, दांड्याचा वास घेतला, बोटाने दाबला आणि मला म्हणाला, “माल भारी हाये, पण यांना पिकवता नाही येत.” अर्धा डझन घेतली आणि तिथेच एक सोलून मोठा घास घेतला. ते उकडून खायचं केळं होतं. घास तोंडात फिरेना. टपरीवाला हाताने वाफेच्या खुणा करून सांगायला लागला. पण केळीवाल्याच्या घरात केळं टाकत नाहीत. मान ताठ ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत, त्याने ते अख्खं संपवलं आणि वर टपरीवाल्याला सांगितलं, “अच्छा है.”

मला इतकं हसू आलं, की ओढणी तोंडात कोंबून मी कालव्याकडे वळले. त्याला फक्त माझी पाठ दिसली.

नाश्ता झाल्यावर नऊ वाजता आम्ही एका छोट्या होडीतून निघालो. मी ठरवलं होतं, होडीत सांगायचं. होडी अरुंद कालव्यांतून जात होती. दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घरापुढे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. एक बाई भांडी घासत होती, बदकांची रांग तिला वळसा घालून गेली. पाणी हिरवं आणि जागच्या जागी उभं. आमच्या पाटासारखं कुणाकडे तरी निघालेलं पाणी ते नव्हतं. हेही मला त्याला सांगायचं होतं. वाक्य मनात तीनदा जुळवलं. दर वेळी पुढचं वळण आलं आणि तो काहीतरी दाखवायला लागला.

होडीवाल्याने वल्हं थांबवून विचारलं, “मॅडम नो टॉक?”

“मॅडम को घर की याद आती है,” माझा नवरा म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता आम्ही जळगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आबा नाहीत. आजोळी घरोघरी बोअर झाले, फड मोडले, शेवटचा पाटकरी मुलाकडे सुरतेला गेला. मागच्या वर्षी गेले तेव्हा पाटात बाभळी उगवल्या होत्या. मी काठावर बसले, पाय आत सोडले, खाली नुसती माती. अशा वेळी मला पांझरेच्या पाटाबरोबर ते दूरचं उभं पाणीही आठवतं, आणि ती सकाळ.

होडीतून उतरलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. आमच्या मुक्कामाच्या घरामागे एक छोटा कालवा होता, त्यात उतरणाऱ्या पाच पायऱ्या. तो सगळ्यात वरच्या पायरीवर फोन घेऊन बसला आणि तिकिटाचा फॉर्म भरायला लागला. मी बाजूला उभी राहिले. अजूनही वाट बघत होते, की तो वर बघेल आणि विचारेल, जायचं का? एवढं विचारलं असतं तरी ‘नाही’ म्हणणं जमलं असतं.

त्याने वर बघितलं. “तुझं वय तेवीस टाकू की चोवीस?”

‘चोवीस’ म्हणणं म्हणजे जायला हो म्हणणं होतं.

“चोवीसच असंन,” तो स्वतःशीच म्हणाला. “दोन मिनिटं राह्यली अकराला.”

मला आबा दिसले, बांधावर उभे, हातात फावडं. पाणी दोन हातांवर. इथे कुणी पाटकरी येणार नव्हता.

मी चपला काढल्या. पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी कोमट होतं. मागे त्याचं बोट फोनवर थांबलेलं असावं, कारण टकटक बंद झाली. मी वळले नाही. वळले असते तर बोलताच आलं नसतं. पाण्याकडेच बघत, मला स्वतःलाच मोठा वाटेल अशा आवाजात मी म्हणाले, “अहो, तिकीट नका काढू. काल मी तोंड फिरवलं ना, ते तुम्ही ते कच्चं केळं अख्खं खाल्लंत म्हणून. हसू आवरत नव्हतं मला. फोन ठेवा आणि खाली या, पाय घाला पाण्यात. मला परवापर्यंत राहायचंय इथे, तुमच्याबरोबर.”